मुक्या अक्षरांची सुगी

भात कापणीला आलं की मला फ्रेंच आठवतं. सकाळी शाळेला निघते, खोडाळ्याच्या उतारावर कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास अंगावर येतो, बांधावरची खुरासणी फुलून पिवळी असते नाहीतर नुकती काळवंडायला लागलेली असते, आणि स्कूटीच्या आवाजाखाली माझी जीभ आपोआप हलू लागते. ईल सेमाँ. ईल कूपाँ. ते पेरतात. ते कापतात. मग माझं मलाच कळतं, आपण चुकीचं म्हणतोय. बरोबर काय ते मला चांगलं ठाऊक आहे. पण सुगीच्या वासाबरोबर येतं ते चुकलेलंच येतं.

त्या वर्षी माझं बी.ए. नुकतंच झालं होतं. जव्हारच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी पाड्यावर परत आले होते आणि पुढं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. दिवाळी झाली, भात खळ्यावर आलं, की आमच्याकडची निम्मी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात. याला आम्ही जगायला जाणं म्हणतो. बा दरवर्षी जायचा. त्या वर्षी मीही जाणार असं जवळजवळ ठरलंच होतं. पदवीचा कागद पत्र्याच्या पेटीत आणि मी भिवंडीकडच्या भट्टीवर, असं मी मनाशी धरून चालले होते. तेवढ्यात मेधाताई आल्या.

मेधाताई पुण्याच्या. जव्हारला एका संस्थेचं केंद्र होतं, तिथं मुलींच्या प्रशिक्षणाचं काम त्या बघायच्या. संस्थेला मदत करणारे फ्रान्सचे पाहुणे हिवाळ्यात यायचे. त्या वर्षी ते इथल्याच एका मुलीची निवड करणार होते. तिनं केंद्रात राहायचं, पाहुण्यांना गावं दाखवायची, त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलायचं, आणि तिला पुढं फ्रेंच शिकायला पुण्याला पाठवायचं. ताईंनी शाळेत असताना फ्रेंच घेतलं होतं. त्या म्हणाल्या, मी शिकवते.

आमच्या अंगणात बसून त्यांनी नागलीची भाकर खाल्ली. उडदाचं बेसन, म्हणजे उडदाच्या पिठाचं पिठलं, फार तिखट होतं, डोळ्यांत पाणी आलं तरी त्या खात राहिल्या. आय सारवलेल्या ओट्याच्या कडेला बसली होती.

"तुमच्या सुमनचा आवाज फार गोड आहे," ताई तिला म्हणाल्या. "मी तिला अशी भाषा शिकवीन की तुम्ही ऐकत राहाल."

"कठली भाषा?" आयनं विचारलं.

"लांबची. समुद्रापलीकडची."

आयनं उतारावरच्या भाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "आन् कापणी?"

कापणी तिनं एकटीनं केली. मी जव्हारला गेले.

मला ताई फार आवडायच्या. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भांडण वाटेल. जव्हारची थंडी त्या दिवसांत पहाटे दरीतून वर चढून यायची. माझे ओठ फुटले, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तेव्हा ताईंनी स्वतःच्या हातानं खोबरेल कोमट करून लावलं. त्यांची राखाडी शाल त्यांनी मला देऊन टाकली. कोणाशी ओळख करून देताना "ही माझी सुमन" म्हणायच्या. मला 'माझी' म्हणणारं घराबाहेरचं माणूस तोवर कोणी भेटलं नव्हतं. मी 'पानी' म्हटलं की त्या 'पाणी' म्हणून सुधारायच्या, मी 'कोन' म्हटलं की 'कोण'. मला राग यायचा नाही. वाटायचं, बाई आपल्यासाठी किती झिजतेय.

वर्गात आम्ही मोजक्याच मुली. त्यांत माझ्याच पाड्यावरची कांता होती. आम्ही दोघी लहानपणापासून एका बांधावर गुरं राखलेल्या. केंद्राच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचो. समोरच्या उतारावर कोणाचं तरी भात होतं, बायका ओळीनं वाकून कापत पुढं सरकायच्या, आणि इकडं आम्ही टाळ्या वाजवायचो. ताईंची ती रीतच होती. शब्द आधी तोडायचा, एका तुकड्याला एक टाळी, मग जोडून म्हणायचा. पार-ले, बोलणं. माँ-झे, जेवणं. आ-री-व्हे, पोहोचणं. दोन स्वरांच्या मधलं व्यंजन पुढच्या तुकड्यात टाकायचं, जोड आला तर मधोमध तोडायचं. मला ते पटकन जमायचं. भाताची पेंढी बांधताना हाताला जसा आपोआप अंदाज येतो, तसा मला शब्द कुठं तुटणार याचा यायचा.

मग आलं 'ते'चं रूप. ते बोलतात, ते पेरतात, ते गातात. लिहिताना त्या रूपांच्या शेवटी ई, एन, टी अशी तीन अक्षरं येतात. पुस्तकात फोड करून दाखवलेली होती, पार, मग आडवी रेघ, मग राहिलेला तुकडा. ताईंनी दोन टाळ्या वाजवल्या. पार. लाँ.

"नाकातून," त्या म्हणाल्या. "लाँ. सुमन, तू म्हण."

"पार-लाँ."

"बघा. याला म्हणतात उच्चार."

मी ते 'आँ' इतकं घोटलं की झोपेतही नाकात घुमायचं. पाहुण्यांसमोर म्हणायला ताईंनी मला एक उतारा बसवून दिला, आमच्या गावच्या माणसांवर. ते पेरतात, ते कापतात, ते गातात, ते जेवतात. सगळा उतारा 'ते'चा. सगळ्या वाक्यांना शेवटी ती तीन अक्षरं. ईल सेमाँ. ईल कूपाँ. ईल शाँताँ. ईल माँझाँ. मी तो दिवाळीला घरी म्हणून दाखवला तेव्हा आय पेंढ्या रचत होती.

"टाळ्या कशाला पिटतीस?" तिनं विचारलं.

"भाषा अशीच शिकतात."

"काय सांगतीस त्यांना?"

"आपलंच. आपण पेरतो, कापतो."

तिला ते फार बरं वाटलं. आपलं कापणं कोणीतरी समुद्रापलीकडून ऐकायला येणार, हे तिनं शेजारच्या खळ्यावर जाऊन सांगितलंही. बा भट्टीवर जायला निघाला तेव्हा मी केंद्रात राहणार म्हणून मला सोबत नेलं नाही. ट्रकच्या मागं बसलेल्या बायकांना तो म्हणाला, "पोसीला नोकरी लागंल आता." पोसी म्हणजे मी, त्याची पोर.

आता मी ज्या शाळेत शिकवते तिथली पोरं पहिलीत येतात तेव्हा 'घ', 'र' अशी सुटी सुटी अक्षरं वाचतात आणि शेवटच्या 'र'ला ताणतात. घ-रऽ. मी त्यांना सांगते, लिहिलेलं सगळं बोलायचं नसतं, शेवटचा स्वर मनातल्या मनात गिळायचा. ती दोन दिवसांत शिकतात. आपल्याच भाषेत मुक्या जागा इतक्या आहेत.

पाहुणे आले तो दिवस स्वच्छ होता. केंद्राच्या अंगणात मांडव, तांदळाच्या पिठाची नक्षी, खुर्च्या. संस्थेचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, पहिल्या रांगेत. त्यांच्या बाजूला पाहुण्यांमधल्या वयानं मोठ्या बाई, एलेन नावाच्या. पांढरे केस बारीक कापलेले, पायांत साधी चप्पल. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढं केलं.

मी म्हटलं. एकही शब्द विसरले नाही. ईल सेमाँ. ईल कूपाँ. पहिल्या दोन वाक्यांना एलेनबाई पुढं वाकल्या. तिसऱ्याला त्यांनी शेजारच्या माणसाकडं पाहिलं. चौथ्याला मागचा एक तरुण पाहुणा हसला, वाईट नाही, लहान मुलानं काही चुकीचं वाचलं की हसतात तसं. मी संपवलं. टाळ्या झाल्या, पण उशिरा. एलेनबाईंनी इंग्रजीत हळूच विचारलं, "ही काय म्हणत होती? क्रियापदं कळली नाहीत."

तेव्हा ताई हसल्या. सरांकडं पाहून, पाहुण्यांकडं पाहून, हात जोडल्यासारखे करून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी बरोबरच शिकवलं हो. पण यांच्या घरच्या बोलीचे सूर जिभेत इतके बसलेले असतात. साधं 'पाणी' म्हणता येत नाही यांना. मी खूप प्रयत्न केला."

कॉलेजात एवढं इंग्रजी मला कळायला लागलं होतं.

त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं, असेल, तसंच असेल. माझीच जीभ जाड. इतके दिवस या बाईनं आपल्यासाठी आटापिटा केला आणि आपण त्यांना मान खाली घालायला लावली. मी त्यांच्याकडं माफी मागितल्यासारखं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच असू दे म्हटलं. त्या नजरेची आठवण मला अजूनही त्यांच्या वाक्यापेक्षा जास्त लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पायऱ्यांवर भांडी घासत होते. एलेनबाई येऊन शेजारी बसल्या. त्यांच्या हातात तेच पुस्तक होतं, वर्गातलं. त्यांनी 'पार-ले'चं पान उघडलं, 'तो'च्या रूपावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ईल पार्ल." मग बोट खाली आणलं, 'ते'च्या रूपावर, त्या लांबलचक शेपटावर. आणि पुन्हा तेच म्हणाल्या. "ईल पार्ल." मग ती तीन अक्षरं त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं झाकली आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प. ही बोलत नाहीत.

राखेनं भरलेला हात मी पदराला पुसला आणि उताऱ्यातले शब्द एकेक म्हटले. सेम. कूप. माँझ. त्या दरवेळी मान हलवत होत्या. गातात, या शब्दाला आल्यावर मी थांबले. त्यांनी म्हणून दाखवलं, "शाँत." त्यांच्या भाषेत गाण्याला शांत म्हणतात, हे ऐकून मला हसू फुटलं. त्याही हसल्या, का ते न कळता. माझी जीभ एका सकाळीत वळली होती. तिला काहीच झालेलं नव्हतं.

ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी धावत वर गेले. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात राग नव्हता. मला वाटलं, ताईंनाही ठाऊक नसणार, सांगितलं तर आनंद होईल, त्या खाली येऊन सगळ्यांना सांगतील.

"ताई, ती शेवटची अक्षरं बोलायचीच नसतात. एलेनबाईंनी दाखवलं. माझी जीभ बरोबर आहे."

त्यांनी चादर दोरीवर टाकली, तिचे दोन्ही कोपरे ओढून सारखे केले.

"मला काल त्यांचे चेहरे बघूनच लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला शाळेत नुसतं लिहायला होतं गं. मार्कांसाठी घेतलेला विषय."

"मग तुम्ही सरांना सांगाल?"

"सुमन, या वर्गावर माझं इथलं सगळं काम उभं आहे. मी काय सांगू, की मीच शिकले नाही? तू आत्ता परत घरी गेलीस तरी तुझं घर आहे. शेत आहे. मी पुण्यात कोणाला तोंड दाखवू?" मग चादरीआडून त्यांचा आवाज आला, पुन्हा तसाच मऊ. "तू समजूतदार आहेस. म्हणून तर तुला बोलतेय."

मी समजूतदार नव्हते. मी सरांकडं गेले. सरांनी ऐकून घेतलं, आणि कांताला बोलावलं. कांता दारात उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"ताईंनी कसं शिकवलं होतं?" सरांनी तिला विचारलं.

कांतानं माझ्याकडं पाहिलं नाही. "ताईंनी बरोबर शिकवलं," ती म्हणाली. "सुमनला जमलं नाय."

टाळी वाजवताना तिचा हात माझ्या हाताला लागायचा, इतके जवळ बसायचो आम्ही. तिनंही ते 'लाँ' माझ्याइतकंच घोटलं होतं.

केंद्रातली जागा कांताला मिळाली. पुण्याला मात्र कोणीच गेलं नाही. पाहुणे परतले, पुढच्या हिवाळ्यात दुसरेच आले म्हणे, आणि ते इंग्रजीच बोलायचे. खूप नंतर खोडाळ्याच्या बाजारात कांता समोर आली, कडेवर लेकरू होतं. ती म्हणाली, "मला भट्टीवर जायाचं नव्हतं गं." मी तिच्या लेकराच्या हातात शेव दिली. तिचं मला कळतं. तिच्यावरचा राग माझा कधीच विरला, राहिली ती एक जागा, जिथं मैत्रीण असायची.

मी घरी परतले तेव्हा खळं झाडून झालं होतं. आयनं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "नाय जमला तं नाय जमला. आपल्याला कशाला ती भाषा." मी सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला सांगताच येत नाहीये. मुक्या अक्षरांचं हे सगळं आमच्या बोलीत कसं सांगायचं? आणि सांगून ती विचारणार, ती बाई तुला तेल लावायची ना? मी सांगितलंच नाही. त्या वर्षी मी बापाच्या मागोमाग भट्टीवर गेले. पुढं डी.एड. केलं, शिक्षिका झाले. पण कितीतरी वर्षं, पुण्यामुंबईकडचं कोणी समोर असलं की मी बोलण्याआधी शब्द मनात तपासून घ्यायचे. ण की न. तालुक्याच्या बैठकीत माझ्याकडं सांगण्यासारखं असलं तरी दुसऱ्या बाईंना चिठ्ठी द्यायचे, तुम्ही बोला म्हणून. माझी जीभ चांगली आहे हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही. ते वाक्य आत गेलं ते गेलंच.

या वर्षी कापणी चालू असताना मेधाताई आमच्या शाळेत आल्या.

कुठल्याशा नव्या उपक्रमासाठी सूर्यमाळकडं निघाल्या होत्या, वाटेत थांबल्या. केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात. मला पाहून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मला जवळ घेतलं. खोबरेलाचा तोच वास. क्षणभर मला रडू येईल असं वाटलं, आणि ते कशासाठी हे मला कळेना. मुख्याध्यापक खुर्च्या घेऊन आले. वर्ग सुटायचा होता, पोरं दारातून बघत होती.

"ही माझी सुमन," ताई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "हिला मी फ्रेंच शिकवलंय, माहितीय? फार कष्टाळू. जीभ तेवढी वळायची नाही बिचारीची. आम्ही पाहुण्यांसमोर इतके हसलो होतो त्या दिवशी. पण जिद्दी. बघा, आज शिक्षिका झाली."

मुख्याध्यापक हसले. माणूस चांगला आहे, हसण्याची जागा आली म्हणून हसले.

"ताई," मी म्हटलं, "माझी जीभ बरोबर होती. तुम्ही चुकीचं शिकवलं होतं."

माझा आवाज चढला नव्हता. दारातली पोरं मात्र एक पाऊल आत आली.

"अगं, असेलही," ताई म्हणाल्या. "केवढे दिवस झाले त्याला. पण तेव्हाच सांगायचंस की मला."

"सांगितलं होतं. गच्चीवर. तुम्ही चादर वाळत घालत होता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कपाळाला आठी घालून, मनापासून त्या आठवू लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते, काहीतरी लपवतायत का, नजर चुकवतायत का. तसं काही नव्हतं. त्यांच्या आत ती गच्ची नव्हतीच. माझ्या आयुष्यात रोज उन्हात वाळणारी ती चादर त्यांनी केव्हाच घडी करून कुठंतरी ठेवून दिली होती आणि कुठं ठेवली तेही त्या विसरल्या होत्या.

"खरंच आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

त्यांनी चहा घेतला, माझ्या गालाला हात लावला, गाडीत बसल्या. मी इतकी वर्षं ज्या बाईशी मनात भांडत होते, ती या गाडीत बसलेलीच नव्हती. एकटीच भांडत होते मी. शाळा सुटली, पोरं धावली, आणि मला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही.

घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. आय खळ्यावर भात झोडत होती, आता तिचा हात पूर्वीसारखा उचलत नाही, एक फटका मारून थांबते. मी साडी खोचली आणि तिच्या हातातली पेंढी घेतली. आणि का कोण जाणे, सांगायला लागले. आमच्या बोलीत, सगळं, पहिल्यापासून. अक्षरं लिहायची पण बोलायची नाहीत, बाईनं ती बोलायला लावली, आणि चूक माझ्यावर ढकलली. कांता काय म्हणाली तेही. वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. सांगता आलं.

आय सगळं ऐकून घेईपर्यंत उभी होती. मग म्हणाली, "म्हंजे तुला येत व्हता?"

"येत होतं."

"मंग मना का नाय सांगलास?" तिनं माझ्या हातातली पेंढी धरली. "मी येवढी वर्सं समद्यांना सांगत राह्यले, माज्या पोसीला जमला नाय. मीच सांगत राह्यले."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, अंगावरचा भुसा झटकला आणि खळ्याच्या कडेला काढून ठेवलेल्या चपला पायांत सरकवल्या.

"कठं निघालीस?" मी विचारलं.

"कांताच्या आयच्या खळ्यावर," ती म्हणाली. "मंग पोलीस पाटलाच्या घरी. मंग वरच्या पाड्यावं."

कापलेल्या भाताच्या धसांमधून ती चालत निघाली, कमरेवर हात ठेवून, थांबत थांबत. मी तिला हाक मारली नाही. अंधार पडायला अजून वेळ होता.